पुसेगावजवळच्या तांड्यावर, टेपचा वेग लावायला

नांदेडहून निघताना पिशवी पुन्हा पुन्हा उघडून पाहिली. बारीक पेचकस, स्पिरिट, कापूस, रबरी पट्टे, वेग तपासायची कॅसेट. जुन्या टेपरेकॉर्डरला एवढं पुरतं. तरी कळमनुरीपर्यंत वाटत राहिलं, काहीतरी राहिलं.

तिथल्या बंजारा तांड्यावरच्या कविताचं लग्न तोंडावर आलं होतं. तांड्यावर नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो, म्हणजे निरोपाचं रडगाणं, गाते. तो आईकडून शिकायचा असतो. कविताची आई वारलेली, पण तिचा ढावलो कॅसेटवर होता आणि टेप बंद पडला होता. तिची आत्या कॅसेट घराबाहेर काढू देईना, म्हणून दुरुस्तीचं दुकान बंद करून मीच निघालो.

वारंगा फाट्यावर भजी गरम मिळतात, पण जागेवर रुमाल टाकूनच उतरा. माझी पिशवी बसमध्ये होती, त्यामुळे मी निम्मी भजी टाकून पळालो. हिंगोलीहून पुसेगावला जीप, माणशी दहा रुपये. भरल्याशिवाय हलत नाही. सेल पुसेगावातच घ्या, तांड्यावर लाईटचा भरवसा नाही. पुढे तुरीच्या शेतांमधून पायी.

टेपमधला पट्टा वितळून चिकट झाला होता. तो खरवडून नवा बसवला, हेड पुसलं, मोटरचा स्क्रू फिरवून माझ्या कॅसेटवर वेग लावला. मग त्यांची कॅसेट घातली. आवाज चिरका आणि घाईचा.

"ही कोन पोरगी?" आत्या म्हणाली.

"मावशी, मशीन बरोबर आहे."

"मशीन बराबर असंल, माझी भावजय बराबर न्हाई. दूध उतू गेलं तरी ती पळत नव्हती. आज काहून पळून राहिली?"

कविता हसली नाही. "मला असा न्हाई शिकायचा."

"भरली कशावर होती?" मी विचारलं.

"ह्याच्यावरच. सेल संपत आले व्हते, तरी म्हणे गाते," आत्या म्हणाली.

तेव्हा उमगलं. संपत आलेल्या सेलवर फीत हळू फिरली होती. ताज्या सेलवर ती धावत होती. आता मशीनच तेवढं हळू करायला हवं होतं, पण नीट लावलेला वेग बिघडवायला माझा हात धजेना. शेवटी आत्याला समोर बसवलं. मी स्क्रू केसभर फिरवायचो, ती मान हलवायची.

"अजून जड... अजून..."

मग तिनं हातानं मला थांबवलं. पदर तोंडाला लावला. कविता आईच्या मागोमाग हळूच म्हणू लागली.

घरी येऊन पिशवी तपासली, सगळं जागेवर होतं. अशा कामाला निघालात तर हत्यारं घ्याच, पण तो आवाज ओळखणारं माणूस शेजारी बसवा. तो स्क्रू मात्र अजून डोक्यातून जात नाही. लग्नात त्याच टेपवर सिनेमाची गाणी लावली असतील, सगळी जड, रडक्या आवाजात. पाहुणे म्हणाले असतील, नांदेडचा मेस्तरी अर्धवट आहे.

म्हणू द्या. स्क्रूला हात लावू नका.