अकरा चिरा

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या वऱ्हाडी मुलखातल्या मालेगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी तासिकेवर जीवशास्त्र शिकवत होतो. पुढच्या वर्षी मला ठेवायचं की नाही, हे प्राचार्य माझा एक तास ऐकून ठरवणार होते. शहाण्या माणसानं अशा वेळी सोपा धडा घेतला असता. मी पेशीपटल घेतलं.

पटल ताणलं किंवा वाकलं, की त्यातल्या काही प्रथिनांची दारं उघडतात, काहींची मिटतात, आणि सोडियम-पोटॅशियमची ये-जा बदलते. एवढं मी आरशापुढं म्हणून पाहिलं. आरशालाही कळलं नाही.

म्हणून आदल्या दिवशी इंझोरीला, आमच्या संत्र्याच्या बागेत, ठिबकच्या पाइपाला ब्लेडनं आडवी चीर पाडून पाहिली. मनासारखी जमेना, म्हणून दुसरी पाडली. अशा अकरा. बाबांनी मोटर सुरू केली, तेव्हा झाडं सोडून सगळीकडं पाणी पोचलं.

"काय करून राह्यला बे?"

मी पेशीपटलापासून सुरुवात केली. बाबांनी ते अर्ध्यातच तोडलं आणि पाइप उचलून वाकवला. चीर वळणाच्या बाहेरच्या अंगाला होती तोवर पाणी उडत राहिलं. त्यांनी तोच पाइप उलटा वाकवला, चीर आतल्या अंगाला गेली, तिचे ओठ मिटले. पाणी बंद.

"चीर तेच हाये. पाइप कसा वाकवला, त्यावर सारं. आता बांध साऱ्या तारेनं."

एम.एस्सी.च्या दोन वर्षांत मला हे इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात पाइपाचा तुकडा नळाला जोडला. हे पटल, चीर म्हणजे दार, पाणी म्हणजे सोडियम. खरं प्रथिन नुसती चीर नसतं, ते स्वतःही आकार बदलतं, हेही सांगून टाकलं. चीर आत ठेवून वाकवलं, तर थेंब नाही. पोरं पुढं सरकली. प्राचार्यही उठून जवळ आले. मग मी आनंदाच्या भरात, चिरेचं तोंड कुणीकडं आहे हे न बघता, उलटं वाकवलं.

पहिल्या बाकावरची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, सोडियम मोठ्या सरायच्या अंगावर गेलं."

प्राचार्यांनी चष्मा पुसला, सदरा झटकला. "समजलं," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी हा धडा घ्याल, तवा मले दूर बसवजा."

मला 'पुढच्या वर्षी' एवढंच ऐकू आलं. मोटारसायकल तशीच इंझोरीला पिटाळली आणि बाबांना बातमी दिली. ते पाइपाच्या ओळीत उकिडवे बसून तारा तपासत होते.

"बेस झालं," ते म्हणाले. "दहा सापडल्या. अकरावी कुठं हाये?"

अकरावी मी कॉलेजात नेली होती, दोन हात पाइपासकट. त्या ओळीतली शेवटची चार झाडं सकाळपासून कोरडी होती.