रानडुकरांसाठी चांगल्या आवाजाचा टेप

माझ्या सासऱ्यांच्या मक्यात रानडुकरं शिरतात, याचंही मला अपराधी वाटतं. वाटायचं काही कारण नाही. पण स्वभावच असा; लग्नात वरण कमी पडलं तर पाहुणा असूनही मीच वाढप्याची माफी मागतो. त्यामुळे पिंपळनेरहून नानांचा, म्हणजे सासऱ्यांचा, फोन आला की जुना टेप मेला, धुळ्याहून दुसरा आणा, तेव्हा मी चहा तसाच ठेवून निघालो.

हा टेप गाण्यांसाठी नाही. फार पूर्वी नानांनी स्वतःच्या आवाजात शिव्यांची एक कॅसेट भरून ठेवली आहे. दिवस मावळताना ती मचाणावर लावली की डुकरं मक्याकडे फिरकत नाहीत. हल्ली कुत्र्याच्या भुंकण्याचे भोंगे मिळतात, पण नानांना ते पटत नाहीत. "डुकरं कुत्राले वळखतस. घाबरतस माले." आवाज पारखून घ्यायला त्यांनी ती कॅसेट एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवलीही होती.

जुन्या टेपच्या दुकानदाराने विचारलं, "काय ऐकणार साहेब? भजन, कव्वाली?"

मला खोटं बोलता येत नाही. "शिव्या."

त्याने तीन टेप काउंटरवर मांडले. "मग बेस कमी ठेवा. शिवी साफ लागली पाहिजे."

पहिल्या टेपचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. दुसरा मधेच रेंगाळायचा. तिसऱ्याला दोन स्पीकर होते, हेड साफ, बेल्ट नवा, रेकॉर्डिंगची सोय, आणि एक बाजू संपली की तो आपोआप दुसरी वाजवायचा. आता नानांची कॅसेट लावून बघायची, एवढंच राहिलं होतं. पण शेजारी एक आजी नातीला घेऊन मिक्सर दुरुस्तीसाठी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर सासऱ्याच्या शिव्या कशा लावणार? मी दुकानातलं भजन लावून पाहिलं. टाळ न् टाळ वेगळा ऐकू आला. घेतला.

संध्याकाळी पिंपळनेरला पोचून मचाणावर टेप सुरू केला. जुन्यावर नुसती गुरगुर यायची. यावर शब्द न् शब्द शिवारभर गेला, आणि त्या शब्दांत डुक्कर कुठेच नव्हतं.

"बांध कोरस का रे? दरसाल इकडे सरकस का? तुना बैल मना मकामा कसा घुसस रे, भामट्या!"

बांध कोरणारे म्हणजे शेजारच्या शेतातले आबा. ते त्या वेळी त्याच बांधावर बसून बिडी ओढत होते. मी घाईघाईने आवाज कमी करायला गेलो आणि बटण नेमकं उलटं फिरवलं.

"नाना, हे काय हो?"

"भरताना समोर डुक्कर नव्हतं. मंग राग कसा येई? म्हनीसन आबाले याद करं."

सकाळी आबा काठी घेऊन आले. दोघांचं बोलणं कायमचं तुटणार, आणि तेही माझ्या निवडीमुळे, या भीतीने मी आधीच पुढे झालो. "आबा, चूक माझी. टेप मी आणला."

"बठ्ठं ऐकं मी," आबा म्हणाले; सगळंच ऐकलं होतं त्यांनी. "टेप चांगला शे, जवाई. दुसरी बाजू कोरी शे का?"

"कोरी शे," नाना म्हणाले.

"मंग लाव."

मी दुसरी बाजू रेकॉर्डिंगला लावली आणि आबा टेपसमोर बसले. त्यांना राग आणावा लागला नाही. नाना समोरच होते. विहिरीच्या पाण्यापासून मोडक्या वखरापर्यंत सगळं निघालं. नाना उत्तर द्यायला उठले, तर आबांनी ओठांवर बोट ठेवून रेकॉर्डिंगकडे खूण केली. नाना पुन्हा खाली बसले. मधे आबांना ठसका लागला, तेव्हा पाण्याचा तांब्या नानांनीच पुढे केला.

आता एक बाजू संपली की टेप आपोआप उलटतो आणि दुसरे म्हातारे सुरू होतात. डुकरं दोन्ही शेतांत येत नाहीत. मचाणाखाली दोघे शेजारी बसून ऐकतात, आणि स्वतःची बाजू लागली की दुसऱ्याला बोलू देत नाहीत.

परवा मात्र नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "जवाई, मना आवाजपेक्षा आबाना आवाज जास्ती साफ येस."

तेव्हापासून मला चैन नाही. नानांच्या बाजूचं काही करता येईल का, हे विचारायला उद्या पुन्हा त्या दुकानात जाणार आहे.