तेल उतरलं त्या वर्षीचा उपवास

शहाऐंशी साली पेट्रोल स्वस्त झालं आणि सगळी अमेरिका खूश झाली. कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोहून माझा कॉलेजचा मित्र फोन करून म्हणाला, "यार, टँक फुल केली तरी खिशाला कळत नाही. मजा आहे!" मी त्याला काय सांगणार? आमच्या टेक्ससमध्ये पेट्रोलचा भाव एकेक पायरी उतरत होता तसा एकेक माणूस घरी जात होता. मी ज्या कंपनीत होतो ती तेलाच्या विहिरीत सोडायची मापनयंत्रं बनवायची. तेलाला भाव नाही तर विहीर कोण खणणार, आणि विहीर नाही तर यंत्र कोण घेणार? दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर कुणीतरी पुठ्ठ्याचं खोकं घेऊन पार्किंग लॉटकडे जाताना दिसायचं. बाकीचे आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घालून बसायचे. मीही बसायचो.

डॅलसजवळच्या प्लेनोतल्या आमच्या अपार्टमेंटसमोर घरांची एक नवी वसाहत उठत होती. त्या वर्षी सुतार एक दिवस आले नाहीत, मग आलेच नाहीत. लाकडी सांगाडे उन्हात तसेच काळे पडत गेले. आदल्या वर्षीपर्यंत याच जमिनींवर कर्ज द्यायला बँका दारात उभ्या होत्या. आता त्याच बँका बुडायला लागल्या होत्या. टीव्हीवरचा गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस याला बाजाराने स्वतःला दुरुस्त करणं म्हणायचा. त्याला एकदा आमच्या पार्किंग लॉटमध्ये आणून उभा करावा असं मला फार वाटायचं.

सप्टेंबरात माझी पाळी आली. वर्षअखेरपर्यंत काम, पुढे नमस्कार. इथे नोकरी गेली म्हणजे नुसता पगार जात नाही. माझा व्हिसा कंपनीचा होता, ग्रीन कार्डची फाइल कंपनीची होती. दोन्ही एकदम गेलं. आणि त्या ग्रीन कार्डवर माझं एकच काम अडलं होतं: मला नागपूरला जाऊन वडिलांना भेटायचं होतं.

वडील कापडगिरणीतून निवृत्त झालेले. हृदय कमजोर झालेलं. फोनवर नेहमी एवढंच विचारायचे, "केव्हा येऊन राहिला रे बाबू?" वकिलाने मला बजावलं होतं की फाइल चालू असताना देशाबाहेर गेलात तर परत व्हिसा मिळेलच असं नाही. मी हे सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "मग कागद पक्का करूनच ये. एवढं शिकवलं ते अर्ध्यातून परत यायला नाही." गिरणीत सांचे, म्हणजे माग, चालवून त्यांनी आम्हाला शिकवलं होतं. 

आमच्या मराठी मंडळात एक काका होते. साठच्या दशकात आलेले, मूळचे पुण्याचे, एका बचत बँकेच्या कॉम्प्युटर विभागात मोठ्या हुद्द्यावर. प्रत्येक कार्यक्रमात त्यांचं भाषण ठरलेलं. परक्या मुलखात आपण मराठी माणसं एकमेकांना धरून राहिलो पाहिजे, गुजराती बघा, पंजाबी बघा. टाळ्या मीही वाजवायचो. माझं आडनाव विदर्भात बऱ्याच जातींत सापडतं. काकांनी मला पहिल्या भेटीत गाव विचारलं, मी नागपूर सांगितलं, पुढचं त्यांनी आपल्या मनाने ठरवून टाकलं. मी काही लपवलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं.

ऑक्टोबरात त्यांचा आपणहून फोन आला. "ऐकलं मी तुझ्या कंपनीचं. अरे, घाबरतोस काय? माझ्याकडे एक पोझिशन आहे. आमचा लॉयर ताबडतोब फाइल करेल, वर्षभरात ग्रीन कार्ड हातात. शनिवारी संध्याकाळी येतो तुझ्याकडे, सगळं डिस्कस करू. आणि हे बघ, नागपूरचा ना तू? मग सूनबाईंना म्हणावं, झणझणीत मटण पाहिजे. आमच्या घरी ही करू देत नाही."

बायको दोन दिवस आधीच अर्विंगच्या देशी दुकानात जाऊन मसाला घेऊन आली. शनिवारी सकाळपासून घरात खोबरं आणि खसखस भाजल्याचा वास होता. दुपारी ती ओढणीला हात पुसत हॉलमध्ये आली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "आजच्यापुरती आत ठेवू का?"

भिंतीवर दोन तसबिरी होत्या. एक बुद्धाची. दुसरी कोट-टाय घातलेल्या, चष्म्यातून सरळ बघणाऱ्या त्या माणसाची, ज्यांच्यामुळे माझे वडील माणसात आले आणि मी अमेरिकेत. आमच्या लोकांत घर लावताना पहिला खिळा या तसबिरीसाठी ठोकतात. ही वडिलांनी धर्मांतराच्या वर्षी नागपुरात विकत घेतली होती आणि मी निघालो तेव्हा धोतरात गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवली होती.

मी म्हटलं, "नाही." तिने पुन्हा विचारलं नाही. तिलाही तेच उत्तर हवं होतं असं मला तेव्हा वाटलं.

काका सहाला आले. दारातच नाक वर करून म्हणाले, "वा! वासानेच अर्धं पोट भरलं." सोफ्यावर बसले, आमच्या सात वर्षांच्या मुलीच्या गालाला हात लावला, मला म्हणाले, सोमवारीच ऑफिसला येऊन जा, फॉर्मॅलिटी आहे फक्त. मग पाणी प्यायला मान वर केली आणि त्यांची नजर भिंतीवर गेली.

ग्लास तोंडापर्यंत गेला नाही. त्यांनी तो टीपॉयवर ठेवला.

"हे तुम्ही घेतलंत का इथे?" त्यांनी विचारलं. मघापर्यंत मी 'तू' होतो.

"वडिलांनी दिलीय."

"अच्छा, अच्छा. फार मोठा माणूस. घटना वगैरे. ग्रेट मॅन."

मग ते हवेबद्दल बोलले, डॅलसच्या फुटबॉल टीमबद्दल बोलले. बायको ताटं घ्यायला उठली तसा त्यांनी कपाळावर हात मारला. "अरेच्चा! आज संकष्टी नाही का? साफ विसरलो. सूनबाई, सॉरी हं, माझा कडक उपवास असतो."

बायको रस्सा ढवळायचा डाव हातात धरून तशीच उभी राहिली. पण आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं तिच्या रक्तात नाही. ती म्हणाली, "मग काका, चंद्र उगवल्यावर जेवा. तोवर मी साधा वरणभात टाकते."

"नको नको, फार उशीर होईल. इथे चंद्रोदय लेट असतो."

"Is Kaka sick?" मुलीने विचारलं.

"नाही बेटा, काकांचा फास्ट आहे," मी म्हणालो. अमेरिकेत जन्मलेल्या त्या पोरीला उपवास म्हणजे काय ते समजावणं मला त्या क्षणी जमलं नसतं.

शेवटी त्यांनी एक केळं घेतलं. केळ्याला साल असते. ते त्यांनी स्वतःच्या हाताने सोललं, उभ्याउभ्या खाल्लं आणि निघाले. ग्लासातलं पाणी तसंच होतं.

मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. अंधार नुकताच पडत होता. समोरच्या अर्धवट घरांच्या वर, मावळतीला, चंद्राची बारीक कोर स्पष्ट दिसत होती. संकष्टीचा चंद्र पूर्वेला उशिरा उगवतो आणि चांगला गुबगुबीत असतो. आमच्या घरी उपवास नसले तरी नागपुरात शेजारीपाजारी चंद्राची वाट बघणाऱ्या बायका मी आयुष्यभर पाहिल्या होत्या. काकांनीही वर पाहिलं. मग किल्ली लावून ते गाडीत बसले. "करतो मी फोन," म्हणाले.

फोन आला नाही. दहा-बारा दिवसांनी मीच केला. त्यांच्या सेक्रेटरीने हायरिंग फ्रीझ असल्याचं सांगितलं. त्या काळात ते खरंही असू शकलं असतं, म्हणून मी रागवायचंसुद्धा लांबणीवर टाकलं. पुढे दिवाळीच्या कार्यक्रमात पुण्याहून आलेल्या एका तरुणाची ओळख करून देण्यात आली. काकांच्याच बँकेत, काकांच्याच विभागात नुकताच लागलेला. काका स्टेजवरून मराठी माणसाने मराठी माणसाला हात देण्याबद्दल बोलत होते. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

त्या दिवशी गाडीत बायको म्हणाली, "काढायला हवी होती आपण." मी चिडलो, ओरडलो. तीही ओरडली, "तुमच्या वडिलांसाठीच म्हणतेय मी!" तिचं चुकलं नव्हतं आणि माझंही चुकलं नव्हतं, आणि अख्खा रस्ताभर भांडत होतो मात्र आम्ही दोघं. ज्याच्याशी भांडायचं तो गोड बोलून, हसून, केळं खाऊन निघून गेला होता.

जानेवारीत कॅलिफोर्नियात एक नोकरी मिळाली. पगार कमी आणि अट अशी की पहिली दोन वर्षं ग्रीन कार्डचं नाव काढायचं नाही. घेतली. पर्याय कुठे होता? आम्ही टेक्सस सोडल्यावर वर्षभरात काकांची बँकही बुडाली. एका शुक्रवारी सरकारी माणसं आली आणि दारं बंद करून कुलपं बदलून गेली. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

वडील त्यानंतरच्या थंडीत गेले. माझा कागद अजून सुरूही झाला नव्हता, आणि जुनी फाइल नोंदीत असल्याने गेलो तर परत येता येईल याची खात्री वकील देत नव्हता. अग्नी धाकट्या भावाने दिला. त्याने सांगितलं की शेवटी शेवटी ते दार वाजलं की माझं नाव घ्यायचे.

चार दिवसांनी काकांचा फोन आला. कुणाकडून तरी कळलं होतं. फार वाईट वाटलं म्हणाले, वडिलांची जागा कुणी घेऊ शकत नाही म्हणाले, काही लागलं तर हक्काने सांग म्हणाले. मी ऐकत होतो. मग मी म्हटलं, "काका, त्या दिवशी संकष्टी नव्हती."

 

"अहो, तुम्ही लोक फार मनाला लावून घेता," ते म्हणाले. "इथे अमेरिकेत कोण जात बघतं?"