ग्रेडरसाहेबांचे हात

"कापसाइतकं निष्पाप जगात काही नाही," असं म्हणत आमचे ग्रेडरसाहेब चिमूटभर कापूस डाव्या हाताच्या पाठीवर ठेवायचे आणि त्याचा रंग पाहून प्रत ठरवायचे. राळेगावच्या खरेदी केंद्रात मी काट्यावर होतो. भाव पडलेली वर्षं ती. त्या निष्पाप वस्तूपायी फाटकावर रोज शिवीगाळ चाले.

मग त्यांच्या हातांवर कोड आलं. रांगेतला एक शेतकरी म्हणाला, "साहेब, तुमच्या हातावर आमचा माल पिवळा दिसते. दुसऱ्याच्या हातावर पाहा ना." त्याचं चुकत नव्हतं. त्या दिवसापासून चिमूट माझ्या हातावर येऊ लागली.

यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलेलं ते टपरीवर सगळ्यांना समजावत. "अंगात शिपाई असतेत. ते चोर सोडून कातडीले रंग देणाऱ्या घरच्याच रंगाऱ्याले झोडपून राह्यले."

"त्यायले आवरणारं कोणी नाही?"

"हाये ना, फौजदार. रजेवर हाये."

लोक हसत आणि आपला कप जरा बाजूला घेत. हा रोग लागत नाही, हेही साहेब सांगत. तुम्ही तिथं असता तर मान डोलावली असती, आणि कप बाजूला घेतलाच असता.

त्यांच्या मुलीला पाहायला महागावची मंडळी आली, तेव्हा साहेब शेजारी माझ्या घरी येऊन बसले. "माह्ये हात दिसले का पोरीचं जमत नाही," म्हणाले. तिकडं पाहुण्यांनी वडिलांची चौकशी केली. आईच्या कपाळावर कुंकू, त्यामुळे वारले म्हणता येईना. मुलीच्या मामानं घाईत सांगून टाकलं, की त्यांनी संन्यास घेतला, ओंकारेश्वरला असतात. पाहुण्यांनी हात जोडले आणि सोयरीक पक्की झाली.

"आता कायमचे संन्यासी झाले तुम्ही," मी म्हटलं.

"जमलं ना? मंग झालं."

लग्न महागावला झालं. कन्यादान मामानं केलं. पुढं जावई आला की साहेब माझ्याकडं मुक्कामाला. माझ्या खिडकीच्या फटीतून त्यांच्या अंगणात खेळणाऱ्या नातवाला पाहत आणि मला विचारत, "रंग कसा हाये पोराचा? जवळून पाहून या ना."

कोडानं कोणी मरत नाही. साहेब हृदयविकारानं गेले. मामानं महागावला फोन केला. मुलगी पिशवी भरून निघालीही होती. सासूनं तिला मायेनं थांबवलं, "संन्याशाचं सुतक नसते, बाई. रडू नाही." देव्हाऱ्यात समई लावली. आळीतल्या बाया येऊन संन्याशाच्या नावानं नमस्कार करून गेल्या. मुलीलाही करावा लागला. दुसरं काही सांगायची सोय नव्हती.

ग्रेडरसाहेब देव मानत नव्हते.