तिसऱ्या बॅचने वाचवलेल्या पेशी

"मॅडम, चांगलं काही झालं की तुमच्या पोटात दुखतं का?" मी नव्या रिझल्टवर शंका काढली तेव्हा नारखेडे साहेबांनी विचारलं. जळगावच्या एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या लॅबचे ते मालक. सोमवारी मुंबईच्या एका औषध कंपनीची माणसं येणार होती. रिझल्ट पटला तर पुढचं काम आमच्याकडे, आणि भिकन परमनंट.

भिकन धुळ्याकडचा केमिस्ट. तो रसायनं बनवायचा, मी ती पेशींवर तपासायचे. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. शरीरातली पेशी निकामी झाली की ठरलेल्या क्रमाने स्वतःला संपवते. ते बरंच आहे. पण हार्ट अटॅकमध्ये, पक्षाघातात वाचू शकणाऱ्या पेशीही त्याच वाटेने जातात. ते मरण अडवणारा छोटासा रेणू हवा होता, पेशीच्या आत सहज शिरेल असा.

भिकनने बनवलेल्या रेणूच्या पहिल्या दोन बॅच फुकट गेल्या. रेणू दिलेला असूनही, चाचणीचं मारक औषध घातलं की पेशी मरायच्या. तिसऱ्या बॅचने जवळजवळ सगळ्या वाचवल्या. फॉर्म्युला तोच, बनवणारा तोच. मला काही ते पचेना.

मी फैजपूरची, केळीवाल्यांची मुलगी. बाजारात एकसारखा पिवळाधमक घड दिसला की वडील आधी वास घ्यायचे, कार्बाइडने पिकवलाय का बघायला. ती खोड माझ्यात उतरली आहे.

खरं सांगायचं तर मला भिकनचाच संशय आला. परमनंट व्हायच्या घाईत याने काहीतरी मिसळलं असणार. डबा खाताना मी त्याच्याशी नीट बोलेनाशी झाले. त्यालाही ते कळत होतं.

शेवटी तोंडावरच विचारलं. "भिकन, या वेळी वेगळं काय केलंस?"

"ताई, मना हातनं काम खोटं नही शे," तो म्हणाला. दुखावला की तो गावाकडची अहिराणी बोलायचा. मग जरा थांबून म्हणाला, "हायड्रोजनचा सिलेंडर आलाच नाही. शेवटच्या स्टेपला त्याऐवजी जस्ताची पूड वापरली. चालते ती."

चालते, हे खरं. पण जस्त स्वतःच पेशींचं असलं मरण अडवतं. अगदी थोडं मागे राहिलं तरी पुरतं.

"धुऊन बघायचं?" मी विचारलं.

"नाही बघितलं तर?"

"मुंबईवाले बघतील."

तो उठला. धातू पकडून ठेवणाऱ्या द्रावणाने त्याने स्वतः ती बॅच धुतली. दुसऱ्या एका डिशमध्ये मी भिकनचं औषध घातलंच नाही, नुसतं झिंक सल्फेट, म्हणजे जस्ताचं खत घातलं. मारक औषध दोन्हींत होतं. आमच्या केळीच्या बागेत ते पोत्याने येतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही आळीपाळीने मायक्रोस्कोपला डोळे लावले. धुतलेल्या औषधातल्या पेशी मेलेल्या. झिंक सल्फेटमधल्या ठणठणीत. म्हणजे पेशी वाचवत होतं ते मागे राहिलेलं जस्तच. भिकनने दोन्ही निकाल वहीत लिहिले. मला मात्र रडू आलं. शंका बरोबर निघाली होती, पण मी ती विनाकारण माणसावर घेतली होती.

सोमवारी पाहुण्यांना सगळं भिकननेच सांगितलं. त्यांनी चहा घेतला, प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि काम दिलं नाही. साहेब आठवडाभर आमच्याशी फक्त कामापुरतं बोलले.

पुढे भिकन शेतीची खतं बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला. तिथे परमनंट झाला. त्याच्याच कारखान्याचं झिंक सल्फेट आता आमच्या बागेत येतं.

मी एवढंच शिकले, की संशय जरूर घ्यावा, पण आधी बाटलीवर, मग माणसावर. वडिलांना हे पटत नाही. भिकनचं पोतं उघडलं की ते आधी वास घेतात. झिंक सल्फेटला वास नसतो, हे त्यांना सांगून झालं आहे.