ड्यूटी बदलायची नाही

निवृत्तीनंतरची माझी पोस्टिंग ईडन प्रेरीची. मुलगा अविनाश अमेरिकेत, तिथे मिनेसोटात नोकरीला होता आणि नव्वदीच्या दशकात मी वर्षाआड त्याच्याकडे जाऊन राहत असे. काम काय, तर लॉन कापणे आणि टीव्हीवर हवामान ऐकणे. ऑक्टोबरात मात्र तो मला उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीजवळच्या तळ्यांच्या जंगलात कॅम्पिंगला नेई. बरोबर त्याचा नागपूरचा मित्र प्रशांत. गाडीरस्ता संपला की सामान कनूत, म्हणजे अरुंद होडीत भरायचं आणि वल्हवत पुढे जायचं. हौसेने थंडीत तंबूत झोपणारी ही पोरं पाहून मला हसू येई. सरकारने हेच काम मला हुकूम देऊन करायला लावलं होतं.

पहिल्याच ट्रिपला दोघांनी मला थट्टेने कॅम्प कमांडंट केलं. मी ते थट्टेवारी नेलं नाही. तंबूची पाठ वाऱ्याकडे. अस्वलांमुळे खाणं झाडाला टांगलेलं. पाणी, लाकूड, स्वयंपाक यांच्या ड्यूट्या लावल्या आणि एक नियम केला: ज्याची ड्यूटी त्यानेच करायची, बदली चालणार नाही. सुभेदारसाहेब कोर्ट मार्शल करतील, म्हणून पोरं हसायची. कारण मी कधी सांगितलं नाही.

कारण होतं नाईक म्हादू शेळके. लडाखच्या ठाण्यावर आम्ही एका बंकरमध्ये होतो. अविनाश जन्मल्याची तार आली, त्याच दिवशी गस्तीला माझं नाव होतं आणि खाली जाणारी गाडी निघत होती. शेळके म्हणाला, "तू जा. पोराचं तोंड बघ. तुझी ड्यूटी मी करतो." सेक्शन कमांडरने मान डोलावली. त्या गस्तीवर बर्फाचा कडा कोसळला. बाकीचे वाचले, शेळके बर्फाखालीच राहिला. मला कळलं ते बारशाच्या दिवशी. तार वाचली, खिशात घातली आणि पाहुण्यांना हसून घुगऱ्या वाटल्या. त्या हसण्याची लाज आजही वाटते. शेळकेच्या गावी जायला दोनदा निघालो आणि दोनदा एसटी स्टँडवरून परत फिरलो.

आमच्या शेवटच्या ट्रिपला एका दुपारी पाण्याची ड्यूटी माझी होती. काठाचं पाणी आम्ही घेत नसू, कनू आत नेऊन खोलातलं भरायचं. जेवणानंतर मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा तंबूवर बर्फाचे कण वाजत होते. बाहेर आलो. तळं दिसत नव्हतं. काठाला कनू नव्हती.

"अविनाश कुठे आहे?"

प्रशांत चाचरला. "पाणी आणायला गेला, काका. म्हणाला, बाबांना डिस्टर्ब नको करू, त्यांची ड्यूटी मी करतो."

आवाज सवयीने निघाला. "जाळ मोठा कर. कोरडे कपडे, ब्लँकेट बाहेर काढ. जाळ विझता कामा नये."

मी पातेलं आणि पळी घेऊन पाण्याच्या कडेला गेलो. दोन ठोके, मग कान द्यायचा. धुक्यात वाट चुकलेल्या गस्तीला आम्ही असंच बोलवत असू. वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना. एक हात बधिर झाला, पळी दुसऱ्यात घेतली. देवाचं नाव तोंडात येत नव्हतं. मी शेळकेला म्हणत होतो, याला सोड. जणू त्यानेच धरून ठेवला होता. त्या भल्या माणसावर मी असाही आळ घेतला.

मग उजवीकडून आवाज आला. "बाबा, वाजवत राहा."

कनू अर्धी पाण्याने भरली होती. आम्ही त्याला ओढून काढलं, कपडे बदलले, जाळाशी बसवलं. त्याचा थरकाप थांबल्यावर मी म्हणालो, "ड्यूटी तुझी नव्हती."

"तुम्ही झोपला होता, बाबा. तुम्हाला उठवून पाण्याला पाठवू का मी?"

आपल्याकडचा कुठलाही मुलगा हेच म्हणाला असता. मग मी त्याला सगळं सांगितलं. त्याने जाळात एक लाकूड सारलं. "म्हणजे माझ्या बारशाला," एवढंच म्हणाला. मला फार वाईट वाटलं. माझं ओझं मी त्याच्या अंगावर टाकलं होतं, आणि ते ओझं ज्या दिवसाचं, तेव्हा तर त्याची मानही धरत नव्हती.

सकाळी वारा पडला होता. अविनाशने मला हलवून उठवलं आणि रिकामा कॅन हातात दिला.

"बाबा, पाणी. तुमची ड्यूटी."

प्रशांत पुढे होत होता, त्याला त्याने खुणेने थांबवलं. मी जाऊन पाणी भरून आणलं. चहा पिताना त्याने शेळकेचं गाव विचारलं. म्हणाला, डिसेंबरमध्ये इंडियाला जातोय, त्या घरी मी जाऊन येऊ का?

"नको," मी म्हणालो. "ती ड्यूटी माझी आहे."

त्या डिसेंबरात गेलो. साताऱ्याकडचं डोंगरातलं गाव. भिंतीवर नाईक म्हादू शेळकेचा फोटो होता, वर्दीतला, पंचविशीतला. मी सॅल्यूट केला. मागे दारात शेळकेवहिनी उभ्या होत्या, केस पांढरे झालेले. मी नाव सांगितलं आणि पुढचे शब्द जुळवू लागलो. गरज नव्हती. ड्यूटी कोणाची होती, हे पलटणीतल्या लोकांनी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. इतकी वर्षं त्या मला ओळखत होत्या.

त्यांनी मला बसायला पाट दिला आणि विचारलं, "पोरगं कसं हाय तुमचं?"