फ्लॅशरची टिकटिक

कुठल्याही जुन्या गाडीच्या इंडिकेटरची टिकटिक ऐकली की मला गोहलपुरातलं ते भंगाराचं दुकान आठवतं. बाबांच्या गाडीचा फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी पत्र्याची डबी, जळाला होता. मी गंजलेल्या डब्यांवरचे पुसट नंबर भिंगातून वाचत होतो. बहिणीचा नवरा मात्र एकेक डबी बॅटरी-बल्बला जोडून डोळे मिटून ऐकत होता. "हीच," तो म्हणाला. बाबांनी तीच जुनी टिकटिक ऐकली आणि त्यांचा चेहरा उजळला. "जावईबापू, कसं ओळखलं जी?" "दोनदा बसलो होतो नं गाडीत." त्याच गाडीच्या मागच्या सीटवर मी लहानाचा मोठा झालो होतो! आता गाडी माझ्याकडे आहे, फ्लॅशरही तोच आहे. पण ओमतीच्या चौकात वळताना मी अजून इंडिकेटर न लावता खिडकीतून हातच बाहेर काढतो.